जिभेखालची जागा

ताता, म्हणजे सासरे, हसले तेव्हा लुम्का त्यांच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून चहाचा ट्रे खाली ठेवत होती, आणि म्हणूनच तिला ते दिसलं. उभी असती तर दिसलं नसतं. समोर बसलेल्या सासूबाईंना किंवा दाराला टेकून फोन बघणाऱ्या नवऱ्याला, ओड्वाला तर दिसणं शक्यच नव्हतं. झालं इतकंच की लियेमाने, तिच्या तान्ह्या लेकीने, आजोबांच्या विझलेल्या पाइपचं टोक धरून तोंडात घालायचा प्रयत्न केला, आणि जमत नाही म्हटल्यावर पाइपलाच दटावल्यासारखं काहीतरी बोलली. ताता डोकं मागे टाकून हसले. म्दान्त्साने वस्तीतल्या त्या घराचं दार पश्चिमेला, दुपार कलत आलेली, ऊन सरळ आत येत होतं. जीभ वर उचलली गेली आणि जिभेखाली, लाळ साठते त्या ओल्या खळग्यात, एक लाल डाग दिसला. मखमलीसारखा. घासून सोललेल्या जागेचा चिडका लाल रंग असतो तसा नाही. शांत, आपल्या जागी निवांत बसलेला लाल. मग तोंड मिटलं. "ही बॉक्सर होणार, मारादेबे, बघत राहा," ताता सासूबाईंना म्हणाले. बायकोला ते कायम तिच्या माहेरच्या कुळाच्या नावाने हाक मारत. "आताच समोरच्याला शिव्या घालतेय." लुम्काने नजर खाली केली. मुळात ती वर जायलाच नको होती.

या घरात ती लुम्का नव्हतीच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासरच्या म्हाताऱ्यांनी तिला चटईवर बसवून नोखान्यो हे नाव दिलं होतं, डोक्याला रुमाल बांधला होता, खांद्यावर शाल घातली होती आणि कानाशी वाकून सासऱ्यांचं नाव सांगितलं होतं. ते यासाठी की ते कधी तोंडातून जाऊ नये. त्या नावाशी जुळणारे शब्दसुद्धा गिळायचे, त्यांच्या जागी दुसरे वापरायचे. सासऱ्यांकडे रोखून बघायचं नाही, त्यांच्यापुढे उघड्या डोक्याने जायचं नाही, काही सांगायचं असलं तर सासूबाईंना सांगायचं किंवा नवऱ्याला. ह्लोनिफा म्हणतात त्याला, सुनेने राखायचा मान. कॉलेजातल्या मैत्रिणी हसल्या होत्या, आणि ओड्वाही म्हणाला होता, अगं, आता कोण एवढं पाळतं, तू आपली नेहमीसारखी रहा. पण तिला ते आवडलं होतं, हे ती कुणालाच सांगू शकली नव्हती. आठवडाभर ती दातांच्या दवाखान्यात परक्या माणसांच्या तोंडात डोकावायची. गाल ओढून, ओठ उलटवून, टाळूवर उजेड मारून, माणसाला स्वतःलाही कधी दिसत नाही ते बघायची, तेही त्याची नावापलीकडे ओळख नसताना. रविवारी इथे आल्यावर बघायचंच नसायचं. मान खाली घातली की डोळ्यांना सुट्टी. चटईचे काठ, लोकांची पावलं, ताटल्यांच्या कडा. तातांना ती त्यांच्या बुटांवरून, खोकल्यावरून, पाइपच्या वासावरून ओळखायची; भाकरीच्या तुकड्यावर त्यांचा हात किती वेळ थांबतो त्यावरून आज भूक आहे की नाही तेही तिला कळायचं. चेहरा मात्र तिने सलग असा कधी बघितलाच नव्हता. आणि आज बघितलं ते एकदम तोंडाच्या आत.

परतीच्या वाटेवर गाडीत लियेमा झोपली होती आणि लुम्का आठवत होती, डावीकडे की उजवीकडे. ती समोर होती, म्हणजे तिचं उजवं ते त्यांचं डावं. पण तीही वाकलेली, त्यांचंही डोकं मागे. डाग कधी डावीकडे सरकायचा, कधी उजवीकडे, कधी वाटायचं नव्हताच, पाइपची सावली पडली असेल. कॉलेजात फान वेक मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, तोंडात शिरलात की आधी दात विसरा. दातांचं दुखणं माणूस स्वतः घेऊन येतो, दुखलं की येतोच. जे दुखत नाही ते तुम्ही शोधायचं. आणि पांढऱ्या डागाला जेवढं भ्याल त्याच्यापेक्षा लाल डागाला जास्त भ्या. मग वर्गातल्या मुली जोडीजोडीने एकमेकींच्या तोंडात बोटं घालून शिकल्या होत्या. आधी हसू आवरायचं नाही, नंतर नंतर बोटांनाच कळायला लागलं. गालाचं आतलं अस्तर कसं असतं, जिभेची कड कशी, जिभेखालची जागा तर इतकी पातळ की तिच्यावरून बोट फिरवताना आपण कुणाच्या तरी झाकल्या पापणीवरून बोट फिरवतोय असं वाटतं.

"तुझ्या बाबांच्या तोंडात काहीतरी आहे," ती म्हणाली.

"दात आहेत. खालचे खोटे."

"ओड्वा, मी चेष्टा करत नाहीये."

"तू बघितलंस कधी पण? तुम्हा सुनांना वर बघायचं नसतं ना?"

"ट्रे ठेवताना."

"वा. म्हणजे मान द्यायला वाकलीस आणि तोंडात डोकावलीस." तो हसला. मग ती हसत नाही हे लक्षात आल्यावर त्याने रेडिओ बंद केला. "काय आहे?"

"जिभेखाली लाल डाग. कसला ते माहीत नाही. बघितल्याशिवाय कसं सांगू? काही नसेलही. पण असलं, तर आत्ता सापडलं तर नखाएवढा तुकडा काढून भागतं. उशीर झाला तर जीभ जाते, जबडा जातो." जीव जातो, हे ती बोलली नाही. ओड्वाच्या हातांची स्टिअरिंगवरची पकड घट्ट झाली, त्यावरून त्याला ते ऐकू आलं असावं.

"मग तू त्यांना सांग ना सरळ."

"मी?"

"बरं," तो म्हणाला, "मी आईला सांगतो. आई त्यांना सांगेल."

हे असंच जायचं असतं, हे दोघांनाही माहीत होतं. घरातला प्रत्येक निरोप असाच जायचा, या हातातून त्या हातात, आणि पोचायचाही. त्या संध्याकाळी लियेमाला अंघोळ घालताना लुम्काने रोजच्यासारखं करंगळीने तिचं तोंड तपासलं. आधी ओठ, मग गालांच्या आतली बाजू, वरचा टाळू, मग जीभ, शेवटी जिभेखाली. पेशंटचं ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने. लियेमा जन्मल्यापासून तिची ही सवय. आपल्याला डोकावत बसायचा रोग झालाय असं तिला कधी कधी वाटायचं. कुणी जांभई दिली, कुणी गाणं म्हटलं, की तिचे डोळे आत. लियेमाच्या खालच्या हिरडीला आज एक बारीक धार लागली, तांदळाच्या कणीसारखी. दात येत होता. एरवी तिने ओरडून ओड्वाला बोलावलं असतं. आज ती नुसती त्या कणीवर बोट ठेवून बसून राहिली. एका तोंडात काहीतरी उगवतंय ते बरोबर आहे, दुसऱ्या तोंडात उगवलेलं बरोबर नाही, आणि दोन्ही तितकीच गपचूप उगवतात. पाणी गार होत चाललं तेव्हा लियेमाने तिचं बोट चावलं.

सासूबाई तीन-चार दिवसांनी दवाखान्यात आल्या, एकट्याच. रांगेत बाकावर ताठ बसलेल्या, चर्चला जाताना घालतात तो कोट, मांडीवर आइस्क्रीमचा जुना डबा, त्याला वरून रबर लावलेलं. लुम्काच्या हाताखाली काम करणारी पुम्ला, वयाने मोठी म्हणून सगळ्यांची ताई, तीच आत येऊन म्हणाली, "तुझ्या सासूबाई आल्यात. डब्यात वाफवलेला पाव असला तर अर्धा माझा."

डब्यात धुतलेला रुमाल होता, आणि रुमालात तातांची खालची कवळी.

"घे," सासूबाई म्हणाल्या. "ओड्वा म्हणाला, सुनेला दात बघायचेत. ते म्हणाले, बघायचेत तर घेऊन जा, मी कशाला पाहिजे. एक दिवस निघतो म्हणाले दातांशिवाय. आणि डावीकडे जरा टोचतात म्हणे, ते घासून दे."

पुम्लाने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. "सासरे डब्यात बसून आले होय," ती पुटपुटली. लुम्कालाही हसू फुटलं असतं, पण कवळी हातात घेतल्यावर तिला ती एकदम फार खाजगी वाटली. पाइपने पिवळी पडलेली कड, तारेचा आकडा, त्यांच्या हिरडीचा हुबेहूब साचा. निरोप पोचला होता. फक्त वाटेत प्रत्येकाने मान राखण्यासाठी त्यातला एकेक शब्द खाली ठेवला होता. तिने ओड्वाला डागाचं सांगितलं, ओड्वाने आईसमोर बापाच्या जिभेचा विषय नको म्हणून तोंड म्हटलं, सासूबाईंना नवऱ्याचं तोंड सुनेने बघावं हे बोलवेना म्हणून त्या दात म्हणाल्या. दोष द्यावा असं त्यात कुणीच नव्हतं.

डावीकडे टोचतात. तो शब्द मात्र तिने धरून ठेवला. बोट फिरवलं तर आकड्याच्या खाली प्लास्टिकची कड खरंच धारदार झाली होती. मग तेच असेल. कवळी घासत असेल, म्हणून लाल. किती सोपं झालं असतं. यंत्रावर दोन मिनिटं कड गुळगुळीत करायची, डबा परत द्यायचा, रविवारी पुन्हा चटईचे काठ बघत बसायचं. तिने कड गुळगुळीत केलीही. मग डब्याला रबर लावता लावता थांबली. घासून झालेलं असेल तर घासणारी वस्तू काढून घेतली की पंधरवड्यात बरं होतं. बरं झालं नाही, तर ते घासून झालेलं नाही. हे तिने शेकडो पेशंटना सांगितलं होतं.

"आई, याला वेळ लागेल," ती म्हणाली. "पंधरा दिवस तरी. तोवर इथेच राहू दे."

"पंधरा दिवस?" सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. त्यांना बघायची बंदी नव्हती. "ते मला खातील, दात नसले तरी. नोखान्यो, काय आहे ते मला सांगशील?"

"कळलं की सांगेन, आई."

म्हातारीने डब्याच्या झाकणावर हात ठेवला, काढला, आणि कोटाची बटणं लावली.

पुढचा रविवार वाईट गेला, म्हणजे काहीच झालं नाही. ताता कण्या आणि आंबट दूध खात होते. बोलताना तोंडापुढे हात धरत होते. लियेमाने पाइप ओढला तेव्हा हसले नाहीत, नुसतं नाकातून हं केलं. लुम्का चटईवर बसून त्यांचे बूट बघत होती. बुटांच्या आत बोटं हलत होती, मुठी आवळाव्यात तशी. हा माणूस या वस्तीत कोच म्हणून ओळखला जायचा. पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही, शाळेच्या मागच्या हॉलमध्ये त्याने दोन पिढ्यांच्या पोरांना बॉक्सिंग शिकवलं. सामन्यात तातांचा आवाज गर्दीच्या वरून रिंगमध्ये पोचायचा, असं ओड्वा सांगायचा. नुसत्या आवाजावर पोरं डावीकडे सरकायची. आणि आता ते दूध मागतानाही तोंड झाकतात, ते माझ्यामुळे, लुम्काला वाटलं. मी त्यांचे दात कपाटात कोंडून ठेवलेत. समजा काहीच निघालं नाही तर? समजा काही निघालं तर? दोन्ही प्रश्न एकाच वजनाचे वाटायचे. दवाखान्यातल्या कपाटात डबा रोज दिसायचा. पुम्ला जाता येता त्याला "कसे आहात, म्पिंगा?" म्हणून तातांच्या कुळाच्या नावाने विचारपूस करायची. मग एक दिवस तिनेच डबा वरच्या फळीवर मागे सरकवून ठेवला आणि विचारणं बंद केलं.

पंधरवडा उलटल्यावर ते स्वतः आले, आपले दात मागायला.

ती दाराशी पुढच्या पेशंटला बोलवायला गेली तेव्हा बाकावर तिला आधी ते बूट दिसले. पुम्लाने मुद्दाम बाजूच्या खोलीत काम काढलं. इथे नावाने हाक मारायची असते. आतून ओरडायचं, नाव, आडनाव. लुम्का दारात उभी राहिली. तिच्या तोंडावर मास्क होता, डोक्याला टोपी, डोळ्यांवर मोठा चष्मा. कधी नव्हे ते तिला जाणवलं की ती इथेही रुमाल आणि शाल घेऊनच उभी आहे. ताता तिच्या हाकेची वाट न बघता उठले. रांगेतल्या कुणीतरी "कोच, दात पाडून घ्यायला आलात का?" असं विचारलं. "पाडायला उरलेत कुठे, पोरा," ते हात तोंडापुढे धरून म्हणाले, आणि आत आले. हॅट काढून खुर्चीच्या हातावर ठेवली, आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "आमच्या सूनबाईंना कोणीतरी सांगा, मी माझे दात न्यायला आलोय."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. लुम्काने कपाटातून डबा काढला, पण दिला नाही, टेबलावर ठेवला. खालमानेने, फरशीला सांगितल्यासारखं म्हणाली, "दात तयार आहेत. पण ज्या जागेवर ते बसतात ती जागा आधी बघावी लागते." तिला स्वतःचा आवाज मास्कमधून लांबून आल्यासारखा वाटला. त्यांच्याशी बोललेलं हे तिचं पहिलं सरळ वाक्य.

तातांनी डब्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं, मग थांबलं. "तर असं आहे," ते म्हणाले. खुर्चीवर बसले, दिव्याकडे बघितलं. "कोपऱ्यात बसवलंस मला. रिंगच्या कोपऱ्यात पोरगं येऊन बसलं की मी म्हणायचो तोंड उघड, आणि बोटं घालून दात राखायचं रबर काढायचो. रक्त, लाळ, सगळं. कुणाचा मुलगा आहे, मोठ्या घरचा की छोट्या, कोण विचारतो? एक मिनिट असतं. कोपऱ्यात मान नसतो, काम असतं." त्यांनी मान मागे टेकवली. "मी डोळे मिटतो. म्हणजे तू मला बघतेस ते मला दिसणार नाही. तू कर."

त्यांनी डोळे मिटले, आणि लुम्काने पहिल्यांदा त्यांचा चेहरा बघितला. ओड्वाची भुवई त्यांच्याकडे होती. लियेमाची हनुवटीही. हातमोजे घालताना तिची बोटं थंड होती. ती थोडा वेळ काखेत धरून तिने गरम केली. आधी मान. जबड्याखाली, कानाखाली, खाली गळ्याच्या हाडापर्यंत, बोटांची टोकं हलकेच फिरवत. गाठ लागली नाही. तिने श्वास सोडला. मग ओठ उलटवले, गाल बाहेर ओढून आतलं अस्तर बघितलं, एका बाजूला जुन्या ठोशाची पांढरी रेघ होती. टाळूवर पाइपचा करडेपणा. क्रमाने चालल्यामुळे तिचे हात हळूहळू शांत होत गेले, आणि हात शांत झाले तसं मनही. भीती गेली नव्हती, बाजूला सरकून उभी राहिली होती, पुम्लासारखी. "जीभ बाहेर काढा," ती म्हणाली, गॉजच्या तुकड्याने टोक धरलं, एका कडेला वळवलं, दुसऱ्या. आता वर. जीभ टाळूला लावा. दिवा तिने थोडा खाली ओढला.

डावीकडेच होता. आणि होता. पंधरा दिवस कवळी नसूनही होता, तेवढाच, कडा तितक्याच मऊ, रंग तितकाच शांत. तिने एक बोट जिभेखाली ठेवलं, दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून हनुवटीखाली, आणि मधलं मांस दोन्हींच्या मध्ये हलकं दाबून बघितलं. खाली कडकपणा नव्हता. डागापुरतंच होतं. निदान बोटांना तरी डागापुरतंच लागत होतं. "दुखतं?" तिने विचारलं. त्यांनी तोंड उघडं ठेवूनच नाही अशी मान हलवली. तिने बोटं काढली आणि दिवा बाजूला सारला.

"झालं?" डोळे मिटूनच त्यांनी विचारलं. "मग बोल. पोराची भुवई फाटली असली तर मी काही नाही झालं असं कधी सांगितलं नाही. कोपऱ्यात खोटं बोललं की पोरगं पुढच्या फेरीत मरतं."

ओड्वाला सांगते, आईंना सांगते, असं म्हणायला तिची जीभ वळली होती. वाटेत कोण काय खाली ठेवेल हे तिला माहीत होतं. तिने मास्क उतरवला. "जिभेखाली लाल डाग आहे," ती म्हणाली. "कवळीने झालेला नाही, नाहीतर इतक्यात गेला असता. तो काय आहे ते मला बघून सांगता येत नाही. मोठ्या इस्पितळात छोटा तुकडा काढून तपासतील. वाईट निघू शकतो. पण लहान आहे, आणि खाली गाठ नाही. आत्ताच गेलो तर खूप काही करता येतं. मला भीती वाटली म्हणून मी दात ठेवून घेतले होते."

"ते कळलं मला," ताता म्हणाले. "मारादेबे म्हणाली होती, पोरगी दात घासायला पंधरा दिवस घेत नाही." त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं, हसू असावं किंवा नसावं. "आवाज जाईल?"

"लवकर गेलो तर जाऊ नये."

"मग फोन लाव. उद्यावर टाकू नको."

तिने इस्पितळाला फोन लावला. जरा वेळ संगीत वाजत राहिलं, मग एका मुलीने कंटाळलेल्या पण बऱ्या आवाजात विचारलं, कोणत्या दवाखान्यातून, काय दिसलं, किती मोठा, किती दिवस. लुम्का सगळं भराभर सांगत गेली. हे तिचं रोजचंच होतं. "पेशंटचं आडनाव?" "मासेती." ते तर तिचंही होतं. "आणि नाव?"

पलीकडे टायपिंग थांबलं. "हॅलो? नाव सांगा." कार्डावर लिहिलेलं होतं, समोर होतं. तिने चिकटवलेल्या कागदाची कड नखाने उचकटली. खुर्चीकडे बघितलं. ताता डोळे मिटूनच बसले होते, हात हॅटवर. त्यांनी ते नाव स्वतः सांगून तिची सुटका केली नाही. एवढंच केलं की हॅटवरचं बोट उचलून, रिंगच्या कोपऱ्यातून पोराला इशारा करावा तसं, एकदा पुढे झुकवलं.

"झ्वेलाखे," ती म्हणाली.

"ऐकू नाही आलं. मोठ्याने सांगाल?"

"झ्वेलाखे," लुम्का म्हणाली, स्वच्छ, मोठ्याने. "झ्वेलाखे मासेती."

ते नाव आता घरात कुणीच घेत नव्हतं. बायकोला ते घ्यायचं नव्हतं, मुलाला बाबा होते, वस्तीला कोच, पुम्लासारख्यांना म्पिंगा. ज्यांनी त्या नावाने अंगणातून हाक मारली असेल ती माणसं केव्हाच गेली होती. ताता डोळे न उघडता खुर्चीत जरा सरळ झाले, आणि मान हाकेच्या दिशेला वळवली, लांबून कुणीतरी जेवायला बोलावतंय आणि आता उठायलाच हवं, अशी.